मागची दोन चाकं

अंगद भालेराव गेला तेव्हा त्याची पांढरी अ‍ॅम्बॅसेडर लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. पुढची चाकं जागेवर होती, मागची दोन्ही काढून भिंतीला टेकवलेली. इंजिन त्यानं बांधून घेतलं होतं, रंग झाला होता, सीटांना नवं रेक्झीन चढलं होतं. राहिला होता तो मागचा एक्सल. एवढं बेरिंगचं काम झालं की गाडी रस्त्यावर, असं तो दिवाळीपासून म्हणत होता आणि संक्रांतीच्या आतच छातीत कळ येऊन गेला.

गाडी मुळात संगमनेरच्या एका डॉक्टरांची. अंगदनं ती ड्रायव्हर म्हणून एकवीस वर्षं चालवली. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा त्यांनी ती त्याच्याच नावावर करून दिली. घुलेवाडीच्या घराशेजारी त्यानं तिच्यासाठी पत्र्याची शेड बांधली, आणि पुढं रोज संध्याकाळी तो तिच्याखाली पाठीवर पडलेला असायचा.

तो गेल्यावर चार वर्षं त्याची बायको जयमाला त्या गाडीभोवती झाडून काढत होती. शेडमध्ये सावली चांगली म्हणून ती विड्याही तिथंच बसून वळायची. ओली पानं मांडीवर घ्यायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायची. लग्नाआधीपासून हेच काम. आता सत्तावन्न वय झालं तरी तिची नजर पानावर नसायची. जाड पान कुठलं, कुठलं वळताना फाटणार, हे बोटांनाच कळायचं.

मुलगी मोनिका राजूरकडच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. एका रविवाराआड घरी यायची. त्या पावसाळ्यात ती आली ती एक बातमी घेऊन. पुण्याच्या एका गृहस्थांना जुन्या गाड्या जमवायचा नाद होता, त्यांना तिनं मोबाईलवर फोटो पाठवले होते आणि त्यांना गाडी पसंत पडली होती. चाकं लावलेली असोत वा नसोत, ते ट्रक आणून घेऊन जायला तयार होते. शेड मोकळी झाली की तिथं पक्की खोली काढता येईल, पावसात ओल येणार नाही, आईच्या गुडघ्यांना बरं पडेल, असा मोनिकाचा हिशेब होता. त्यात चुकीचं काही नव्हतं.

जयमालानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "द्यायची तर देऊ. पन तिला ठोकळ्यांवरून उचलून न्यायचं न्हाई. आधी ती चाकांवर उभी राहील."

"कोण करणार आई? असल्या गाडीचं काम करणारे मिस्त्री तरी राहिलेत का आता?"

जयमालाला एक माहीत होता.

सहादू मिस्त्रीचं गॅरेज अकोले नाक्याजवळ होतं. अंगदचा जुना दोस्त. गाडीतलं जे जे काम अंगदनं केलं ते त्यालाच विचारून केलेलं. पण जयमाला गेली तेव्हा गॅरेजचं शटर खाली होतं आणि मिस्त्री मागच्या घरात खाटेवर बसला होता. त्याची बायको सुमनबाई चहा घेऊन आली. तिनं नवऱ्याचा कप अर्धाच भरला होता, आणि तो असा का, हे जयमालाला लगेच दिसलं. सहादूनं कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा बशीत हिंदकळत होता. कंपवात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दीड वर्ष झालं, त्यानं पाना हातात घेतला नव्हता.

तिनं येण्याचं कारण सांगितलं. सहादूनं हात पुढं धरले, जसे काही तिनं अजून पाहिलेच नव्हते.

"वहिनी, बेरिंगचं काम हाय ते. केसभर इकडचं तिकडं चालत न्हाई. या हातांनी आता नट धरवत न्हाई मला."

"हात माझे घ्या," जयमाला म्हणाली. "तुमी नुसतं सांगा."

सहादू हसला, मग हसायचा थांबला. सुमनबाई दारातून म्हणाली की घरात बसून छताकडं बघण्यापेक्षा ते बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिक्षानं घुलेवाडीला आला. बरोबर गोणपाटात गुंडाळलेली हत्यारं होती. जयमालानं त्याच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची गाडीच्या मागं मांडली, आणि काम सुरू झालं.

अंगदनं उजवी बाजू आधीच उघडून ठेवली होती. ते सामान पत्र्याच्या डब्यांत, घासलेटच्या कापडात बांधलेलं होतं. डावी बाजू तशीच होती. एक्सलच्या टोकाला हातभर पान्याशिवाय न हलणारा मोठा आठकोनी नट. सहादूनं आधी नटाखालची लॉकची पत्री छिन्नीनं सपाट करायला सांगितली. मग पाना लावायला सांगितला. जयमालानं पान्याला लोखंडी पाइप अडकवला, पदर खोचला आणि सगळं वजन टाकलं. नट हलला नाही. ती पाइपवर उभी राहिली. तरी नाही.

"उलट्या बाजूला," सहादू म्हणाला. "डावीकडचे आटे उलटे असत्यात. चाक फिरताना नट ढिला पडू नये म्हनून."

"हे आधी सांगायचं हुतं."

"सांगितलं असतं तर ध्येनात राह्यलं नसतं."

उलट्या बाजूला जोर दिला तसा नट कर्र करून सुटला. जयमाला पाइपावरून उतरली तेव्हा धापत होती. पण चार वर्षं ज्याला कुणी हात लावला नव्हता ते आपल्या वजनानं हललं, याचं तिला आतून बरं वाटलं.

चाक ज्यावर बसतं तो हब पुलरनं ओढून काढायला अख्खी दुपार गेली. आतलं बेरिंग गंजून करडं झालं होतं, हातात फिरवलं की वाळू दळल्यासारखा आवाज यायचा. नवी दोन बेरिंगं आणि तेल अडवायची सीलं सहादूनं नाशिकहून मागवली. ती येईपर्यंत जयमालानं दोन्ही हब घासलेटमध्ये धुतले, ब्रशनं घासले, कोरडे केले.

बेरिंग हबमध्ये ठोकून बसवायचं नाही, हे सहादूनं निक्षून सांगितलं. ठोकलं की आतल्या गोळ्यांना मार बसतो, आणि तो मार हजार किलोमीटरनंतर बोलतो. त्याची रीत वेगळी होती. बेरिंग थंड करायचं, हब तापवायचा, म्हणजे एक आवळतं आणि दुसरं सैल होतं. त्या रविवारी मोनिकानं पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला तर बर्फाच्या कप्प्यात पिशवीत बांधलेली दोन बेरिंगं. बाहेर चुलीवर अंघोळीच्या पाण्याचा हंडा उकळत होता आणि त्यात लोखंडाचा हब बुडवलेला.

तिनं आईकडं पाहिलं. आईच्या हातात जाड फडकी होती आणि तिला बोलायला वेळ नव्हता. जयमालानं हब बाहेर काढला, भराभर पुसला आणि जमिनीवर पोत्यावर ठेवला. फ्रिजमधलं बेरिंग सरळ धरून त्याच्या तोंडावर ठेवलं. बारीक टक् असा आवाज आला आणि बेरिंग स्वतःच्या वजनानं तळाशी जाऊन बसलं. सहादू खुर्चीवरून अर्धा उठला होता, तो परत खाली बसला. मोनिकानं त्या दिवशी संध्याकाळची एसटी सोडली आणि दुसरं बेरिंग बसेपर्यंत थांबली.

खरं काम पुढंच होतं.

बेरिंगच्या तोंडावर एक पोलादी कडं बसतं, स्पेसर म्हणतात त्याला. एक्सलची थाळी बोल्टांनी आवळली की ती या कड्याला दाबते, कडं बेरिंगला दाबतं, आणि बेरिंग जागच्या जागी गच्च राहतं. कडं बुटकं असलं तर बेरिंग हबमध्ये हलत राहतं आणि चाक डुगडुगतं. कडं उंच असलं तर थाळी हबला टेकतच नाही आणि फटीतून तेल गळतं. म्हणून ते हबच्या तोंडाबाहेर नेमकं एक ते चार थाऊ डोकावलं पाहिजे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जयमालाला अंदाज यावा म्हणून सहादूनं वर्तमानपत्राचं पान तिच्या बोटांत दिलं आणि सांगितलं, हे तीन थाऊ.

जुनी कडी झिजलेली होती. अंगदनं जाण्याआधी सुनील नावाच्या एका लेथवाल्याकडून दोन नवी कातून घेतली होती, मुद्दाम थोडी जाड, घासून बसवायची म्हणून. उजवं कडं हबवर ठेवून वर पोलादी पट्टी आडवी धरायची, आणि पट्टीखालच्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पोलादी पानं एकेक करून सरकवायची. हे सहादूनं दाखवायला हातात घेतलं आणि पान फटीला लागेना. ते थरथरत पट्टीवर आपटत राहिलं. त्यानं ते तिच्याकडं दिलं आणि तोंड दुसरीकडं केलं.

जयमालानं पान सरकवलं. "हे सैल जातंय," ती म्हणाली. दुसरं घेतलं. "हे अडतंय. याच्या मधलं द्या."

मधलं पान निघालं बारा थाऊचं. सहादूनं ते डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला. मग पाहायचं म्हणून त्यानं डोळे मिटायला लावून तिच्या हातात पाच आणि सहाचं पान दिलं, आणि जाड कुठलं ते विचारलं. तिनं बरोबर सांगितलं. त्यानं पुन्हा दिलं, पुन्हा बरोबर. सहादूनं विचारलं नाही की हे कसं येतं. शेडच्या कोपऱ्यात विड्यांचं सूप होतंच.

मग घासणं. जाड काचेवर करडी पेस्ट पसरायची, कडं उपडं ठेवायचं आणि मराठी चारच्या आकड्यासारखं वळण घेत फिरवायचं. वीस वळणं झाली की कडं पाव फेरा वळवायचं, म्हणजे एकाच बाजूनं झिजत नाही. मग पुसायचं, हबवर ठेवायचं, मोजायचं. उजव्या कड्याला चार दिवस लागले. जयमाला सकाळी विड्या वळायची आणि दुपारी कडं घासायची. चौथ्या दिवशी तीनचं पान फटीत गेलं आणि जाताना हलकंसं ओढ देऊन गेलं. उजवी बाजू त्याच संध्याकाळी बांधून झाली. तिनं चाक हातानं फिरवलं. ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं.

डाव्या कड्याला तिची चूक झाली. उजव्याला एकूण किती वळणं लागली ते तिनं मनात मोजून ठेवलं होतं. जन्मभर शेकड्यांत मोजायची सवय. तर डाव्यालाही तेवढीच द्यावीत असं तिला वाटलं. सहादूला त्या दोन दिवसांत बरं नव्हतं, तो आला नव्हता. पुण्याचे गृहस्थ येत्या रविवारी गाडी पाहायला येणार, असा मोनिकाचा फोन आला होता. तिनं मध्ये मोजलं नाही. आकडा पुरा केला आणि मगच कडं हबवर ठेवून पट्टी धरली. पट्टी थेट हबच्या तोंडावर टेकली. कडं आत गेलं होतं. डावा हब मुळातच उजव्याहून थोडा खोल होता. मध्ये एकदोनदा मोजलं असतं तर हे कळलं असतं.

सहादू आला तेव्हा तिनं काही न लपवता सांगितलं. कडं त्याच्या पुढं ठेवलं. त्यानं तिलाच उलटं मोजायला लावलं. दोन थाऊ खाली होतं.

"दोन थाऊनं जग बुडत न्हाई," तो म्हणाला. "मागं कागदाचं पॅकिंग देऊ. थाळी आवळली की दिसनार बी न्हाई कुनाला. रविवारी गाडी उभी राहील, त्यांना दावू, झालं."

जयमाला काचेवरची पेस्ट पुसत होती. ती पुसतच राहिली. कारखान्यात विड्या द्यायला जायची तेव्हा तपासणारा मूठ उचलायचा आणि बुटकी, सैल विडी बाजूला फेकायचा. छाट, म्हणायचा. ती छाट तिनं कधी दुसऱ्या जुडीत खपवली नव्हती.

"मिस्त्री, मोनिकाच्या पप्पांना तुमी असं सांगितलं असतं का?"

बाहेरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली.

"न्हाई," सहादू म्हणाला. "त्याला शिव्या घातल्या असत्या."

मग तो सांगत गेला. खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या हातांना बोलत राहणं त्याला सोपं जात नव्हतं. रात्री घरी गेल्यावर हात जास्तच कापायचे. ती बरोबर करत गेली तसतसं त्याला बरंही वाटायचं आणि आपण आता कशाला, असंही वाटायचं. काम लवकर संपावं, मग पुन्हा आपलं घर आणि खाट, असं त्याला झालं होतं. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. जयमालानं मान वर न करता ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "उलट्या आट्याचं मला कुनी सांगितलं असतं? आनि कडं किती घासायचं ते? तुमी दोन दिवस आला न्हाई तर मी कडं वाया घालवलं."

हे खरंच होतं आणि समोर पडलेलंच होतं. सहादूनं ते कडं उचललं, खिशात घातलं आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

दोघं सुनीलच्या लेथवर गेले. गळीत हंगाम तोंडावर, त्यामुळं त्याच्याकडं ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांचं काम ढिगानं पडलेलं होतं. आठवडाभर जमणार नाही, असं तो सांगू लागला. सहादूनं वाद घातला नाही. तो लेथजवळच्या बाकावर बसला आणि जयमालाही बसली. दुपारी सुनीलनं हात धुतले, जेवला, आणि तोंड पुसत कड्याचं माप विचारलं. सहादूनं तोंडी सांगितलं, सहा थाऊ जास्त ठेवून. संध्याकाळी नवं कडं तयार होतं, अजून गरम.

जयमालानं मोनिकाला फोन करून सांगितलं की रविवारी गाडी तयार नसेल. का, ते पण सांगितलं. मोनिका म्हणाली की ती त्या गृहस्थांना महिनाभर थांबायला सांगते. "आणि नसलं थांबायचं तर राहू दे," असं ती शेवटी हळूच म्हणाली.

नवं कडं घासायला पाच दिवस लागले. जयमाला आता दहा वळणांनंतर मोजायची. सहादू रोज येत होता. तोही आता नुसता सांगत नव्हता. ती मोजताना तो डोळे मिटून पानाचा घासण्याचा आवाज ऐकायचा, आणि पुष्कळदा आकडा तिच्या आधी सांगायचा. शेवटी तीनचं पान ओढ देऊन गेलं, चारचं अडलं. सील बसलं, हब चढला, आठकोनी नट उलट्या बाजूला आवळला गेला, पत्री वळली, थाळीचे बोल्ट लागले. मोनिका त्या शनिवारी रजा काढून आली होती. ठोकळे काढायला तिनंच जॅक चालवला. गाडी पहिल्यांदा चार चाकांवर बसली तेव्हा मागचे स्प्रिंगचे पाटे किंचित कुरकुरले आणि शांत झाले.

नवी बॅटरी बसवली, पेट्रोल भरलं. चालवायला मोनिकाच होती. बापानं तिला याच गाडीवर शिकवलं होतं. शेजारी सहादू आणि मागं जयमाला, अशी गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. सहादूनं खिडकी खाली करून घेतली आणि कान बाहेर काढला. कळस गावाच्या पुढं त्यानं थांबायला सांगितलं. जयमाला उतरली आणि तिनं दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यावर तळवा ठेवला. उजवं कोमट होतं. डावं त्याच्याहून थोडं जास्त.

"भाजतंय का?" सहादूनं विचारलं.

"न्हाई. दुधाच्या बाटलीएवढं."

"नवं हाय. बसेल जागेवर. शंभर किलोमीटरला नट परत आवळायचा."

मोनिकानं विचारलं की परत फिरायचं का. जयमालानं अकोल्याकडच्या डोंगरांकडं पाहिलं. मोनिकाच्या दवाखान्यात ती अजून एकदाही गेली नव्हती. एसटीनं गुडघे दुखायचे म्हणून. "तुझं राजूर किती लांब हाय?" तिनं विचारलं.

त्या दिवशी ती राजूरला गेली, दवाखान्याच्या बाकावर बसली, मोनिकाच्या हाताखालच्या बायकांशी बोलली. तिथून पुढं भंडारदऱ्यालाही जाऊन आली. चढाला इंजिन तापलं, दोनदा थांबून पाणी घालावं लागलं. मागचा एक्सल मात्र गप्प होता. येताना सहादू झोपला, आणि झोपेत त्याचे हात मांडीवर स्थिर होते.

पुण्याच्या गृहस्थांना मोनिकानंच नाही म्हणून कळवलं. खोलीचं मागं पडलं. शेडला नवे पत्रे तेवढे टाकले.

पंधरा दिवसांनी सुनीलनं निरोप धाडला. एका ट्रॅक्टरवाल्याच्या ट्रॉलीचा हब दरसाल बेरिंग खात होता, कुणी नीट मोजून बसवून देईल का. सहादूनं गॅरेजचं शटर वर केलं. ते गंजलं होतं, दोघांनी मिळून ढकलावं लागलं. जयमाला आता आठवड्यातले तीन दिवस तिथं असते, उरलेले दिवस विड्या. सुमनबाई दुपारी दोन कप चहा पाठवते, एक भरून आणि एक अर्धा. ट्रॉलीचा मालक आला तेव्हा कुणाशी बोलावं ते त्याला कळेना. सहादूनं त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं की तासभर लागेल, घाई करू नका, बाई मोजतायत.